नवा लॅपटॉप, पुन्हा पुन्हा तोच बिघाड : आपापले अनुभव सांगा

दुपारचा_चहा
काल भाचीबरोबर लॅपटॉप बघायला गेले होते, इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालीय तिची. काउंटरमागे पाटी : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. वाचली आणि २०२१ चा पावसाळा आठवून पोटात गोळाच आला.

लेकाची शाळा ऑनलाइन, म्हणून ४६,५०० चा लॅपटॉप घेतला. बाराव्या दिवशी स्क्रीनवर हिरवी उभी रेघ. झाकण जरा मागे गेलं की सगळं काळं. एका ठरावीक कोनात मात्र लख्ख दिसायचं, म्हणून मागे पोळपाट उभा करून त्याला झाकण टेकवायचं आणि गणिताचा तास करायचा. मी पोळपाट मागायला गेले की, "आई, दोन मिनिटं गं, सर हजेरी घेतायत."

दुकानदार म्हणाला, "मॅडम, आमचं काम विकण्यापुरतं. पुढचं कंपनी बघेल." सर्व्हिस सेंटरला चार खेपा. केबल बदलली, मग स्क्रीन, मग मदरबोर्ड, मग परत केबल. पहिल्या दोन खेपांची जॉबशीट (तक्रार आणि दुरुस्तीची नोंद असलेला कागद) मी घेतलीच नाही, "सिस्टीमला आहे मॅडम" म्हणाले म्हणून. तिसरी घेतली तर तक्रारीच्या रकान्यात काय, तर 'सॉफ्टवेअर अपडेट'!

शेवटी दुकान आणि कंपनी दोघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, मग जिल्हा ग्राहक आयोग. दुसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस तडजोडीला तयार. पूर्ण किंमत परत, मनस्तापाचे पैसे नाहीत. घेतले मी. नवरा अजून म्हणतो, थांबायला हवं होतंस.

तुमचंही लिहा. लॅपटॉपच हवा असं नाही. दुकानांची, कंपन्यांची नावं मात्र नकोत.

खडीसाखर
पोळपाट 😂😂 मग पोळ्या कशावर लाटल्या?

दुपारचा_चहा
ओट्यावर. वाकड्या व्हायच्या.

आडवा_तिडवा
त्या पाटीला काडीची किंमत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात (२० जुलै २०२० पासून लागू) स्पष्ट आहे : सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. रंग आवडला नाही म्हणून परत करायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दुकानदाराला बोलू नका.

सांजवात_७
माझा मिक्सर!! तीन वेळा. थांबा, कुकर लावलाय, येऊन लिहिते.

पेठेतला_पाव्हणा
ताई, दुकान ठाण्यातलं का? स्टेशनजवळचं?

दुपारचा_चहा
नावं नकोत म्हटलंय ना 🙏

जुना_स्क्रूड्रायव्हर
मी सहा वर्षं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. आता सोडलंय, म्हणून सांगतो. तुमची तक्रार आम्ही लिहीत नाही, कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडतो. 'झाकण मागे केलं की काळं होतं' असा पर्याय यादीत नसतो, मग जवळचं काहीतरी टाकतात. दुसरं, अधूनमधून येणारा बिघाड. टेबलावर ठेवला, अर्धा तास चालला, की शेरा 'दोष आढळला नाही' आणि मशीन परत. माणूस वाईट नसतो हो, मागे वीस मशीन रांगेत असतात. यावर उपाय एकच. बिघाड होताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सिरियल नंबरचं स्टिकर त्यात दिसू द्या. शेरा हाताने लिहून मागा. आणि 'बदललेला भाग' या रकान्याकडे बघा. एकच भाग दोनदा बदललाय हे कागदावर आलं की कंपनीचा वकील गप्प होतो.

खडीसाखर
काका, हे सोन्यासारखं लिहिलंत. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मु_पो_कोल्हापूर
माझी उलटी कथा. घरातच डीटीपीचं काम करतो, एकटाच. लॅपटॉप जीएसटी नंबरावर घेतला, भरलेल्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळेल या हावेनं. कीबोर्डची अर्धी ओळ मरायची, नेमकी 'क' ते 'म'. लग्नपत्रिकेत 'कुलस्वामिनी' लिहायची तर कळा कुठून आणू? आयोगात कंपनीचा पहिला मुद्दा : हा ग्राहकच नाही, खरेदी व्यावसायिक कारणासाठी. स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबणारा माणूस कायद्याने ग्राहकच राहतो, पण ते सिद्ध करायला कामाची बिलं, विवरणपत्रं, सगळं जोडावं लागलं. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात आहे. मला चौदा तारखा लागल्या. किंमत परत मिळाली, वर पाच हजार खर्चाचे. तोवर दुसरा लॅपटॉपही जुना झाला.

पेठेतला_पाव्हणा
'कुलस्वामिनी'च्या जागी काय छापलं शेवटी 😄

मु_पो_कोल्हापूर
मोबाइलवर टाइप करून मेल केलं स्वतःलाच. तेव्हा रडू येत होतं राव.

निळी_छत्री
वकील लागतोच का? आमच्या ह्यांचा लॅपटॉप पाचव्यांदा गेलाय. घेतला पुण्यात, आम्ही आता नागपूरला.

आडवा_तिडवा
वकील सक्तीचा नाही. नागपुरातच दाखल करा, तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही आता चालतं, १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. खरेदी ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, पाचव्या दुरुस्तीची वाट बघत बसू नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरला फोन करून बघा, कधीकधी तिथेच मिटतं. ऑनलाइन तक्रारीसाठी आता ई-जागृती हे सरकारी पोर्टल आहे. मागणीत 'दुरुस्ती किंवा बदली किंवा रक्कम परत' असं तिन्ही लिहा.

टेम्सकाठी
इंग्लंडमधल्या रीडिंगहून लिहितेय, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. इथे २०१५ चा कायदा आहे, भांडण कंपनीशी नाही, थेट दुकानाशी. पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी द्यायची, तरी दोष राहिला तर वस्तू नाकारता येते. माझा लॅपटॉप चार्जच घेईना. एकदा दुरुस्त झाला, आठवड्यात पुन्हा तेच. काउंटरवरचं पोरगं म्हणे मॅन्युफॅक्चररला ईमेल करा. मी म्हटलं, पावतीवर नाव तुमचं आहे बाळा. मॅनेजर आला, पाच दिवसांत पैसे खात्यात. आई फोनवर म्हणाली, इतकं सरळ झालं म्हणजे नक्की काहीतरी कापून घेतलं असेल, खातं परत बघ 😀

पेठेतला_पाव्हणा
आईंना साष्टांग नमस्कार.

खडीसाखर
विषयांतर करते, पण भाचीला कुठला घेतला मग? माझ्या मुलीलाही घ्यायचाय. साठच्या आत.

जुना_स्क्रूड्रायव्हर
कुठलाही घ्या, रॅम वाढवता येते का तेवढं विचारा. आणि खोका दुकानातच उघडायला लावा.

दुपारचा_चहा
अजून घेतला नाही. मी त्या पाटीचा फोटो काढला तर मालक धावत आला, "मॅडम, जुनी पाटी आहे, काढायची राहिलीय." भाची बाहेर येऊन म्हणाली, मावशी, पुढच्या वेळी मी बाबांबरोबर येईन.

सांजवात_७
आले. कुकरची शिटीच उडाली, भिंतीवर वरण. मिक्सरचं उद्या.