बागेच्या नळाला कुलूप कोणी लावलं?

बुधवार, सकाळी ६.४८

सी-२०३ वहिनी: सुप्रभात. बागेच्या नळाला कुलूप आहे. काल संध्याकाळीही होतं, वाटलं वॉचमनने चुकून लावलं असेल. आज पुन्हा तेच. ज्यांनी लावलं त्यांनी कृपया किल्ली केबिनमध्ये ठेवावी. भेंडीने माना टाकल्यात.

ए-१०१ नाना: खताच्या हौदाचा वास येतो आहे. पाचवा दिवस.

सी-२०३ वहिनी: नाना, हौदाचं बघू. आधी नळाचं सांगते आहे. ४० डिग्रीत दोन दिवस पाणी नाही म्हणजे काय ते कुंडीत तुळस लावणाऱ्यालाही कळेल.

बी-६०४: चांगलं झालं ज्याने कोणी कुलूप लावलं. या महिन्यात ९ टँकर आले. मेंटेनन्स सगळे भरतात, भाजी चार घरं खातात.

बी-३०२: दादा, मागच्या महिन्यात तुम्हीच दोन वांगी नेली होती 😄

बी-६०४: गेटवरच्या टेबलावर ठेवली होती म्हणून नेली. "ज्याला हवी त्याने घ्या" असं लिहिलं होतं. आता त्याचाही हिशोब काढणार का?

सचिव: सर्वांना नमस्कार. कृपया वैयक्तिक टिप्पणी टाळावी. कुलूप कमिटीने लावलेले नाही. मी वॉचमनशी बोलून कळवतो.

ए-४०५: नमस्कार, आम्ही फेब्रुवारीपासून भाड्याने राहतो. बागेत काम करायला भाडेकरू आले तर चालतं का? यादीत नाव कुठे द्यायचं?

सी-२०३ वहिनी: बी-६०४, टँकरचं बोललात म्हणून लिहिते, मागच्या सभेतही हेच झालं होतं. आपले १२ वाफे आहेत. प्रत्येक १० बाय ४ फूट, म्हणजे साधारण पावणेचार चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात भाजीला चौरस मीटरमागे रोज ५ लिटर धरा. एका वाफ्याला एक मोठी बादली, २० लिटर. बाराचे २४० लिटर. आपली ८४ घरं. घरात ४ माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले तर सोसायटी रोज ४५,००० लिटरच्या वर वापरते. बाग घेते शंभर लिटरमागे अर्धा लिटर. ९ टँकर म्हणजे ९०,००० लिटर, बागेचा महिनाभराचा वापर ७,२००. एक टँकरसुद्धा होत नाही. आणि पाईप लावून गाड्या धुतल्या जातात ते कोणत्या खात्यात मांडायचं?

बी-६०४: गाड्या धुणाऱ्यांची नावं घ्या मग. अशी मोघम बोलणी नकोत.

सी-५०१: माझी गाडी पाईपने धुतली जाते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सकाळी सकाळी टोमणे कशाला?

बी-३०२: आज ग्रुपवर पाणी नाही, नुसती आग आहे 🔥

सी-५०१: तुम्ही जरा गप्प राहा.

ए-१०१ नाना: हौदाचा वास. जेवायला बसता येत नाही. खिडकी लावली तर उकाडा.

खजिनदार: हिशोबाचा विषय निघालाच आहे म्हणून. ओल्या कचऱ्याचा खत प्रकल्प दाखवल्यामुळे मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते. पावसाचं पाणी जिरवायचं काम झालं तर दोन्ही मिळून १० टक्के होईल, ते मी तीन सभांत सांगितलंय. पण प्रकल्प चालू आहे का हे बघायला महापालिकेचा माणूस येतो. बंद दिसला तर सवलत जाते. त्यामुळे हौद बंद करा, बाग काढा म्हणण्याआधी ८४ घरांनी आपापली बिलं काढून बघावीत.

बी-६०४: बाग काढा असं मी कधी म्हटलं? मी एवढंच म्हणतो की त्या जागेत ८ गाड्या बसतात आणि रात्री ११ नंतर आलेला माणूस रस्त्यावर गाडी लावतो.

सचिव: मंजूर नकाशात ती मोकळी जागा दाखवली आहे. तिथे पार्किंग करायचे तर आधी महापालिकेकडून नकाशा बदलून घ्यावा लागेल. हा विषय मागील सर्वसाधारण सभेत झाला आहे. कृपया पुन्हा नको.

सी-७०२ माई: मी आत्ता पाहिला ग्रुप. वहिनी, भेंडीची काळजी नको करू. संध्याकाळी पाणी मिळालं तर मान धरेल. पण मेथी कोणी लावली चौथ्या वाफ्यात? या उन्हात मेथी? ती चार पानं काढून लगेच फुलावर जाणार आणि कडू होणार. आता चवळई लावायची, अंबाडी लावायची, गवार लावायची. मी होळीच्या आधीच सांगितलं होतं.

सी-२०३ वहिनी: माई, मेथी मुलांनी लावली. महिन्याभरात काढायला येते म्हणून त्यांना हौस. मी अडवलं नाही.

सी-७०२ माई: मुलांनी लावली तर राहू दे. वरून पाटी धरा सावलीला.

सकाळी ८.२०

सी-२०३ वहिनी: आता मनातलं लिहिते. ओरडायला नाही, पण साठलंय. दोन वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यात बिल्डरचा राडारोडा होता. ११ ट्रॉल्या काढल्या. त्या दिवशी ३१ माणसं होती, फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. यादीत आज २३ नावं आहेत. रोज पाणी घालायला येतात ५. माई ७८ वर्षांच्या आहेत आणि त्या लिफ्टने खाली येऊन गुडघा धरत खुरपतात. बाग उत्साहावर चालत नाही हो, वारावर चालते. मंगळवारी कोण, गुरुवारी कोण, आणि तो गावाला गेला तर त्याच्या जागी कोण. आता सुट्टी लागली, ९ जण कोकणात जाणार. सांगून गेले तर काही नाही. न सांगता जातात आणि मग आल्यावर विचारतात, "मिरच्या का वाळल्या?"

ए-४०३: वहिनी, माझ्याकडे गुरुवार आहे. मागचे दोन गुरुवार आले नाही, मान्य. सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या.

सी-२०३ वहिनी: अगं तुला नाही म्हणत. तू निदान फोन केला होतास.

ए-४०३: "तुला नाही म्हणत" असं म्हटलं की मलाच म्हटल्यासारखं होतं.

सी-२०३ वहिनी: चुकलं माझं. खरंच तुला नव्हतं.

बी-३०२: मी फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून आणू का? आमच्या घरी रोज २ बादल्या निघतात.

सी-७०२ माई: नळाचं पाणी असेल त्या दिवशी चालेल. टँकरचं बोअरचं पाणी असेल त्या दिवशी नको, फिल्टरमधून बाहेर पडतं त्यात क्षार साठलेला असतो. चार दिवसांत मातीवर पांढरी साय दिसेल. ते फरशी पुसायला वापर. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आण, ते सोनं आहे.

बी-२०१: डासांचं कोणी बोलत नाहीये. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात दोघांना डेंग्यू झाला होता. बागेत बादल्या, डबे, फुटके माठ सगळं भरलेलं असतं.

सी-२०३ वहिनी: माठ फुटके नाहीत, मुद्दाम पुरलेत. साध्या भाजलेल्या मातीचे माठ आहेत, त्यांच्यातून पाणी हळूहळू मुळांना पाझरतं. तोंडावर झाकण आहे. पण बादल्यांचं तुमचं बरोबर आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून दर रविवारी सगळं पालथं करायचं असं ठरलं होतं. हे काम करणारं माणूस जानेवारीत बदली होऊन नागपूरला गेलं आणि त्यांच्या जागी कोणी नाव दिलं नाही.

बी-२०१: मी देते नाव. रविवार माझा. पण पावसाळ्यात कोणी हसलेलं चालणार नाही.

सी-७०२ माई: शाब्बास.

ए-१०१ नाना: वासाबद्दल मी शनिवारपासून लिहितो आहे. कोणी उत्तर देत नाही.

बी-६०४: नाना, त्यांना वास येत नाही, त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात.

सी-५०१: ओला कचरा आतच जिरवायची सक्ती केली कोणी? घंटागाडीला द्यायचा ना सरळ.

खजिनदार: ५,००० चौरस मीटरवरच्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा हे २०१६ च्या नियमांतच सांगितलं होतं. आपला प्लॉट त्याहून मोठा आहे. सक्ती वहिनींनी केलेली नाही.

डी-१०३: मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावरच भाजी पिकवली होती. आणि कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर तर गणिताचे प्राध्यापक होते, त्यांनी चौरस फुटावर किती ऊन पडतं यावरून पिकाचं गणित मांडलं. आपल्याला एक हौद जमू नये?

सी-५०१: पुन्हा व्याख्यान. माहिती चांगली आहे, पण वास आत्ता येतोय.

डी-१०३: हा मेसेज हटवला गेला आहे.

सचिव: कृपया सर्वांनी संयम ठेवावा. 🙏

सकाळी ९.०५

ए-१०१ नाना: हौदातून काळं पाणी वाहत माझ्या गॅलरीखाली आलं होतं. शनिवारी पहाटे. पाय घसरला. पडलो नाही.

सी-२०३ वहिनी: नाना! पाय घसरला हे आत्ता सांगताय? लागलं नाही ना?

ए-१०१ नाना: नाही. पण रात्रभर नळ चालू होता. पाईप हौदात. सोमवारी पुन्हा तेच झालं. मी वॉचमनला सांगून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे. मी तेच सांगत होतो.

सी-२०३ वहिनी: तुम्ही फक्त वास येतोय एवढंच लिहिलंत नाना.

ए-१०१ नाना: मला बोटाने जास्त टाईप होत नाही. वाटलं वास म्हटल्यावर कोणीतरी खाली येऊन बघेल.

बी-६०४: घ्या. म्हणजे २४० लिटरच्या हिशोबात रात्रभर वाहिलेला नळ नव्हता.

सी-२०३ वहिनी: नव्हता. ते तुमचं खरं आहे. रात्रभर नळ म्हणजे वाफ्यांचं किती दिवसांचं पाणी गेलं असेल, मला विचार करवत नाही.

बी-३०२: मी लिहायला उशीर केला. शुक्रवार आणि रविवार संध्याकाळ माझी असते. हौद कोरडा वाटला म्हणून पाईप त्यात सोडला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि मी बोलत बोलत वर गेलो. दोन्ही वेळा. सकाळपासून इथे विनोद करत होतो आणि नळ मीच चालू ठेवला होता. नाना, माफ करा. खाली येऊन भेटतो.

ए-१०१ नाना: ये. चहा ठेवतो.

सी-७०२ माई: आता ऐका, भांडण पुरे. हौदात पाणी साठलं की हवा जात नाही, मग तो कुजतो. चांगला हौद आतून गरम असतो, हात घातला तर चटका बसेल असा, आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे जीव गुदमरलाय त्याचा. खालचं भोक उघडा, काळं पाणी बादलीत धरा. फेकू नका, दहापट पाण्यात घालून जास्वंदीला द्या. वरचा ओला थर फावड्याने उलटा करा आणि कोरडा पालापाचोळा घाला. एक डबा ओलं, दोन डबे पाचोळा, हे कायमचं लक्षात ठेवा. मूठभर दाबून पाहा, एखादा थेंब यावा, धार नको.

सी-२०३ वहिनी: पाचोळा संपलाय माई. डी विंगच्या मागचा परवा झाडणाऱ्याने जाळला. जाळायला बंदी आहे हे दहा वेळा सांगून झालंय.

डी-१०३: ब्राऊन लीफवर विचारतो. पुण्यात ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे आणि ज्यांना हवा आहे त्यांची तिथे गाठ पडते. मागे मी दोन पोती तिथूनच आणली होती.

बी-६०४: माझ्या डिकीत ६ पोती बसतील. पत्ता मिळाला की सांगा. पार्किंगचा मुद्दा मी सोडलेला नाही.

सी-२०३ वहिनी: सोडू नका. सभेत मांडा. पोती मात्र आजच आणा.

सी-५०१: आणि हौदात मासे-मटण टाकणारं कोण आहे तेही बघा. मांजरं उगाच येत नाहीत.

ए-४०३: आमच्याकडून नाही. मीठ-तेलाचं उरलेलंही आम्ही टाकत नाही.

ए-४०५: माझा प्रश्न राहिला. भाडेकरूंचं नाव चालतं का?

सी-२०३ वहिनी: अहो चालतं म्हणजे काय! माफ करा, सकाळपासून तुम्ही विचारताय. कोणता वार जमेल?

ए-४०५: माझी रात्रपाळी असते. सकाळी ६ ते ७ रोज जमेल, घरी आल्यावर झोपायच्या आधी. आमच्या गावी भाजीचाच मळा आहे, लातूरकडे. पाणी कमी असतं तिथे. आम्ही उसाचं पाचट अंथरतो आळ्यात, मग एक दिवसाआड पाणी पुरतं.

सी-७०२ माई: बाई गं, फेब्रुवारीपासून कुठे होतीस?

सचिव: वॉचमनशी बोललो. नानांचे म्हणणे बरोबर आहे. कुलूप राहू द्यावे, दोन किल्ल्या करून एक केबिनमध्ये व एक वहिनींकडे ठेवावी. नळाला टायमर बसवण्याबाबत खजिनदार दर काढतील.

खजिनदार: काढतो. बिल मात्र बागेच्या डब्यातून, मेंटेनन्समधून नाही. आधीच सांगून ठेवतो.

सी-२०३ वहिनी: डब्यात १,१४० रुपये आहेत.

संध्याकाळी ६.३०

बी-३०२: हौद उलटा केला. नाना वर उभं राहून सांगत होते, मी फावडं मारत होतो. खालून सव्वा बादली काळं पाणी निघालं. ५ पोती पाचोळा आला, सहावं डिकीत फाटलं. सगळ्या वाफ्यांना झारीने पाणी दिलंय, पाईप गुंडाळून केबिनमध्ये ठेवला.

बी-६०४: डिकी झाडायला कोणी येणार असेल तर आत्ता या.

ए-१०१ नाना: वास थोडा कमी आहे. पूर्ण गेला नाही.

सी-२०३ वहिनी: नाना, उद्या सकाळी मी खाली येऊन तुमच्या गॅलरीत उभी राहून बघते. किती वाजता येऊ?

ए-१०१ नाना: सहाला. किल्ली घेऊन जा.