‘एलियन’ (१९७९) मोठ्या पडद्यावरच पाहायला हवा का?

रातकिडा
२०२४च्या एप्रिलमध्ये रिडली स्कॉटचा ‘एलियन’ पंचेचाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने इथे अमेरिकेत पुन्हा थिएटरांत लागला होता. न्यू जर्सीत रात्रीच्या खेळाला गेलो. त्याआधी हा सिनेमा मी निदान दहा वेळा पाहिलाय. पहिल्यांदा दादरला मामाकडे, भाड्याच्या व्हीसीआरवर. पण त्या दहा वेळांत मला गोष्ट दिसली होती, जहाज दिसलंच नव्हतं.

नोस्ट्रोमो हे मालवाहू अंतराळयान दोन कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडे निघालंय आणि त्यावर माणसं फक्त सात. हे सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरांत येतं, टीव्हीवर आपण वाचतो आणि विसरतो. थिएटरात मात्र त्यानंतर कॅमेरा रिकाम्या बोळांतून फिरत राहतो, कुणी बोलत नाही, दिवे आपोआप लागतात, आणि एवढ्या प्रचंड लोखंडात सात जीव किती किरकोळ आहेत हे अंगावर येतं. पुढे वाटेत सापडलेल्या परक्या यानातला दगड झालेला अजस्र चालक. सेट आणखी मोठा दिसावा म्हणून स्कॉटने लांबच्या शॉटमध्ये स्वतःच्या मुलांना छोटे स्पेससूट घालून उभं केलं होतं. ती सगळी खटपट मोठ्या पडद्यासाठी होती.

आणि यानात शिरलेला परका प्राणी तंत्रज्ञ ब्रेटला मारतो तो प्रसंग! मांजर शोधत तो त्या उंच दालनात येतो, वरून साखळ्या लोंबताहेत, पाणी ठिबकतंय, तो टोपी काढून तोंडावर पाणी घेतो. घरी माझं लक्ष ब्रेटवर असायचं. इथे मी वरचा अंधार शोधत बसलो होतो. ज्यांनी हा सिनेमा फक्त घरी पाहिला त्यांनी तो पाहिलेला नाही, असं माझं ठाम मत झालंय.

एकांडा
ठाम असहमत. मीही त्याच आठवड्यात शिकागोत पाहिला. केन या खलाशाच्या छातीतून त्या प्राण्याचं पिल्लू बाहेर येण्याआधीच मागची पोरं एकमेकांना ढोसत होती, आणि ते आल्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या! एक माणूस जेवता जेवता मरतोय आणि त्याचे सहकारी सुन्न झालेत, अशा जागी.

भीतीला एकांत लागतो. मी हा सिनेमा पहिल्यांदा हॉस्टेलवर पाहिला, रात्री एक वाजता, कानाला हेडफोन लावून. कॅप्टन डॅलस हवेच्या बोगद्यात रांगतोय आणि त्याची सहकारी लॅम्बर्ट यंत्रावर बघून सांगतेय की ते तुझ्याकडे येतंय. त्या क्षणी मी मागे वळून दार बंद आहे का ते पाहिलं होतं. तीनशे माणसांत बसून मी दार कशाला पाहीन?

दुसरं, मूळ निगेटिव्हवरून फोरकेमध्ये केलेली, २०१९ साली आलेली प्रत इतकी स्वच्छ आहे की मोठ्या पडद्यावर लबाडी उघडी पडते. टेबलावर अ‍ॅश या यंत्रमानवाचं रबरी मुंडकं, आणि पुढच्याच शॉटला टेबलाच्या भोकातून वर काढलेलं नट इयन होमचं खरं डोकं. शेवटी यानाबाहेर फेकला जातो तो प्राणी सरळसरळ सूट घातलेला माणूस दिसतो.

तिसरी घंटा
एकांडा, बहुतेक प्रसंगांत तो सूट घालणाऱ्या माणसाचंही नाव घ्या ना. बोलाजी बडेजो, लंडनमध्ये शिकणारा नायजेरियन तरुण, जवळजवळ सात फूट उंच. सिनेमाभर त्याचं दर्शन मोजून काही मिनिटं होतं, बाकी सगळं आपण मनात रचतो. दोन शॉट फसले म्हणून थिएटर बाद कसं होतं?

आणि व्हीसीआरवर पाहिलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. हा सिनेमा २.३५ : १ अशा लांबरुंद चौकटीत चित्रित झालाय. जुन्या टीव्हीच्या चौकोनात तो भरताना पाच भागांतले दोन भाग चित्र कापलं जायचं. म्हणजे सात जण जेवणाच्या टेबलाभोवती बसलेत आणि आपल्याला त्यातले चारच दिसतात! केनच्या छातीचा हा प्रसंग तर त्या टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांचा आहे. काहीतरी फुटून बाहेर येणार हे नटांना ठाऊक होतं, रक्ताची पिचकारी किती उडेल हे नव्हतं. लॅम्बर्ट झालेल्या व्हेरोनिका कार्टराइटच्या तोंडावर ते रक्त येतं तेव्हाची तिची दचक खरी आहे.

ध्वनिवेडा
मी साउंडच्या धंद्यात आहे, पण आज माझं मत थिएटरच्या विरोधात जाईल.

या सिनेमाचा निम्मा जीव काळ्या रंगात आहे. शेवटी छोट्या यानात तो प्राणी पाइपांमध्ये अंग मुडपून पडलेला असतो. प्राण्याचं रूप घडवणाऱ्या गिगर या चित्रकाराने त्याचं डोकंच असं घडवलंय की ते यंत्राचा भाग वाटावं. नायिका रिप्ली शेजारी वावरते आणि आपल्यालाही कळत नाही. हे साधायला काळा रंग काळाच दिसायला हवा. आमच्या शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये एक असाच अंधारा सिनेमा पाहिला. प्रोजेक्टरचा दिवा उतरलेला, दाराच्या लाल पाटीचा उजेड पडद्यावर, आणि सगळा अंधार राखाडी. घरचा चांगला ओलेड टीव्ही काळं दाखवण्यात बहुतेक थिएटरांना मागे टाकतो.

आवाजाचं मात्र उलट. १९७९ साली ७० एमएम प्रती सहा ट्रॅक आवाजासह लागल्या होत्या. इंजिनाची ती खालची घरघर कानांपेक्षा पोटात ऐकू येते. फ्लॅटमध्ये तेवढा आवाज लावला तर खालचे काका वर येतील.

रातकिडा
ध्वनिवेडा, काळ्या रंगाचं मान्य. मला चांगलं थिएटर मिळालं हे माझं नशीब. एकांडा, टाळ्यांचंही दुःख समजतं. आमच्याकडे कुणी हूं की चूं केलं नाही.

पण एकांताचं पटत नाही. ही सात माणसं कुठे एकटी आहेत? पार्कर आणि ब्रेट पहिल्यापासून बोनसच्या वाट्यावरून कुरकुरताहेत, ती कामावरची माणसं आहेत. कंपनीला तो प्राणी हवाय, माणसं गेली तरी चालतील, हा आदेश रिप्ली वाचते तेव्हा थिएटरभर जी शांतता पसरली, ती मला हॉस्टेलच्या खोलीत मिळाली नसती. शेजारी बसलेली सगळी माणसंही कुणाची तरी नोकरीच करत असणार.

एकांडा
हे चांगलं सांगितलंत. त्या प्रसंगापुरतं मानतो. बोगद्याचं मानत नाही.

सईची आई
मध्येच विचारते. मुलगी सतरा वर्षांची आहे, आम्ही पुण्यात. तिने हा सिनेमा पाहिलेला नाही, शेवटही माहीत नाही. थिएटरात येण्याची वाट पाहू की घरीच दाखवू?

तिसरी घंटा
थांबा. पहिल्यांदा पाहणं एकदाच होतं.

एकांडा
म्हणूनच थांबू नका! तो पुन्हा कधी लागेल, पुण्यात लागेल का, कुणी सांगावं? तोवर कुणीतरी तिला सगळं सांगून मोकळं होईल. १९७९च्या प्रेक्षकाला रिप्ली झालेली सिगर्नी वीव्हर माहीतच नव्हती. श्रेयनामावलीत पहिलं नाव डॅलस झालेल्या टॉम स्केरिटचं, म्हणजे कॅप्टनच नायक असं लोक धरून चालले, आणि तो मध्येच गेला. तो धक्का आज जवळजवळ कुणालाच मिळत नाही. तुमच्या मुलीला अजून मिळू शकतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पडदे ओढा.

रातकिडा
इथे एकांडांच्या बाजूने. फक्त १९७९चीच आवृत्ती लावा. २००३च्या आवृत्तीत डॅलस पुन्हा सापडतो तो प्रसंग जोडलाय, आणि ऐन धावपळीत रिप्लीचे पाय तिथे अडकतात. स्कॉट स्वतःही पहिलीच आवृत्ती खरी मानतो. आणि पोस्टर, ट्रेलर काही दाखवू नका.

सईची आई
शनिवारी रात्री लावतेय. ‘कशाबद्दल आहे?’ म्हणून मागे लागली होती. सात माणसं आणि एक मांजर, एवढंच सांगितलंय. तिने लगेच विचारलं, ‘मांजर वाचतं ना?’ मी उत्तर दिलेलं नाही.