मदत हवी आहे: नोव्हेंबरात गोल्फची सुट्टी, पण खिशाला झेपेल अशी

निळी_छत्री

नमस्कार मंडळी,

गोल्फ आणि झेपेल अशी हे दोन शब्द एका ओळीत वाचून हसू आलं असेल तर आधी हसून घ्या. आमच्या घरातही तेच झालं.

मी ५६ वर्षांची. चार वर्षांपूर्वी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. गुडघ्यामुळे बॅडमिंटन सुटलं आणि धाकट्या दिरांनी मला खारघरच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर नेलं. तिथे मेंबर असावं लागत नाही, पैसे भरायचे आणि खेळायचं, म्हणून आमच्यासारख्यांचा शिरकाव झाला. पहिले सहा महिने चेंडूपेक्षा माती जास्त उडवली. आता ९ होल (चेंडू घालायच्या खळग्यांचे टप्पे) चालत पुरे करते, १८ ला बग्गी घ्यावी लागते. दीर बरे खेळतात. नवऱ्याला मात्र यात काडीचा रस नाही. एवढ्या हिरवळीवर म्हशी चारल्या असत्या तर निदान दूध तरी मिळालं असतं, हे त्याचं ठाम मत. तो रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालाय. त्याला कुठेही न्या, आधी स्टेशन कुठे आहे ते विचारतो.

दिवाळीनंतर आम्ही तिघं ५-६ रात्रींसाठी जायचं म्हणतोय. प्रवासासकट सगळे मिळून दीड लाख, फार तर पावणेदोन. तीन-चार दिवस खेळायला मिळावं, बाकी हिंडणं.

गेल्या वर्षी हात पोळलेत म्हणून विचारतेय. एका रिसॉर्टची 'तीन रात्री, अमर्याद गोल्फ' अशी जाहिरात बघून पैसे भरले. नाव घेत नाही. पोचल्यावर कळलं की बग्गी वेगळी, सामान उचलणारा कॅडी वेगळा, भाड्याचा सेट, म्हणजे खेळायच्या काठ्या (क्लब), वेगळा. वर सगळ्या ग्रीनना, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला, भोकं पाडून त्यात वाळू भरलेली! पट, म्हणजे होलकडे हलका फटका, मारला की चेंडू मुरमाड रस्त्यावरच्या एसटीसारखा उड्या मारत जायचा. तक्रार केली तर म्हणाले, ही दर वर्षीची निगा आहे. असेलही, पण बुकिंग घेताना तोंडाला कुलूप होतं का?

तर कुठे जावं, आणि पैसे भरण्याआधी नेमकं काय विचारावं? थायलंड-श्रीलंकाही चालेल, तिघांचेही पासपोर्ट आहेत.

चकलीचा_सोऱ्या

म्हशींचा मुद्दा बिनतोड आहे. वाचतोय.

तिसरी_बोगी

ताई, माझ्या आयडीचा रेल्वेशी संबंध नाही, स्कोअरकार्डशी आहे (बोगी म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका जास्त). तरी तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा.

तुम्ही रिसॉर्ट शोधताय तिथेच खिसा कापला जातो. आधी कोर्स शोधा, खोली मागाहून. रिसॉर्टवाला खोलीचे पैसे चढे लावतो आणि गोल्फ 'फुकट' म्हणतो. तो फुकट कधीच नसतो. कोर्सपासून पंधरा-वीस मिनिटांवर साधं स्वच्छ हॉटेल घेतलं तर तेवढ्याच पैशांत दोन फेऱ्या जास्त होतात. हिशोब नेहमी एका माणसाच्या एका फेरीचा मांडायचा: ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे), कॅडी, बग्गी, सेटचं भाडं आणि टिप. हे पाच आकडे लेखी मागवा. टिप कुणीच सांगत नाही, पण द्यावी लागते. थायलंडमध्ये जवळजवळ सगळीकडे माणशी एक कॅडी घ्यावीच लागते आणि फेरी संपली की तिच्या हातात ३००-४०० बाट ठेवायचा रिवाज आहे. चार फेऱ्या, दोन खेळाडू, करा गुणाकार.

भोकांबद्दल: त्याला एरेशन म्हणतात. खेळून खेळून दाबली गेलेली माती मोकळी करायला ते करावंच लागतं. ग्रीन पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून फोनवर 'कोर्स चालू आहे का' असं विचारू नका, कोर्स चालूच असतो. 'ग्रीनचं शेवटचं एरेशन कधी झालं, पुढचं कधी' असं विचारा. असा प्रश्न आला की पलीकडचा माणूस सावरून बसतो. दुसरं, सगळे होल खेळायला मिळणार का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी '१८ होल' म्हणजे ९ होल दोनदा असतात. त्यात वाईट काही नाही, पण पैसे त्या मानाने हवेत.

थायलंडला जायचं तर माझं मत हुआ हिन. बँकॉकहून गाडीने तीन-चार तास. आणि यजमानांसाठी खास माहिती: तिथला रॉयल हुआ हिन हा कोर्स स्टेशनला खेटून आहे. १९२४ साली सयामच्या रेल्वेतल्या एका स्कॉटिश इंजिनियरने आखलेला, देशातला पहिला १८ होलचा. स्टेशन तर इतकं देखणं आहे की लोक नुसते फोटो काढायला येतात. ब्लॅक माउंटन, बनयान हे नव्या जमान्यातले कोर्स तिथेच आहेत. ते भारी आहेत, दरही भारी. जुन्यावर खेळा, नव्यांपैकी एखादा चैन म्हणून.

पावसाळी_बेडूक

बोगीभाऊ, सगळं मान्य, पण नोव्हेंबर? बँकॉकचा पाऊस ऑक्टोबर संपता संपता आटोपतो, हुआ हिन मात्र आखाताच्या काठावर आहे. तिथे मुख्य पाऊसच ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दोन वर्षांपूर्वी आम्ही तीन दिवसांत मिळून ११ होल खेळलो आणि उरलेला वेळ बारक्या पोरांसारखे पत्ते कुटले. नोव्हेंबरात थायलंडच हवं तर पश्चिमेला कांचनबुरी बघा. तिथे त्या सुमारास आभाळ मोकळं होतं. डोंगराच्या पायथ्याशी कोर्स आहेत, राहणं-जेवणं-खेळणं एकत्र देतात आणि कोरियन मंडळी तिथे महिना-महिना मुक्काम ठोकतात. लोक महिनाभर राहतात म्हणजे दर अगदीच अंगावर येणारे नसणार. शिवाय क्वाय नदीवरचा रेल्वे पूल तिथेच आहे, त्यावरून अजून गाडी जाते.

निळी_छत्री

बोगी, बेडूक, दोघांचे आभार. पाच आकड्यांची गोष्ट वहीत उतरवली. क्वायचा पूल ऐकून नवरा पेपर बाजूला ठेवून उठला. पण तिघांचं विमानभाडंच निम्मं बजेट खातंय. श्रीलंकेबद्दल कुणी सांगेल का?

खवचट_खार

पनवेलला टँकर, आणि काकू निघाल्या हिरवळ बघायला. असो.

निळी_छत्री

खारीताई/दादा, आमच्याही सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो, पैसे आम्हीही भरतो. राग रास्त आहे, पण इथे नको. वेगळा धागा काढा, मीही लिहीन.

लंबकर्ण

श्रीलंका माझ्या आवडीची, पण बेडकांनी वर सांगितलेलंच तिथेही लागू. नुवारा एलिया सुरेख आहे. १८८९ पासूनचा क्लब, कोर्स गावाच्या अगदी मध्यात, आजूबाजूला चहाचे मळे, हवा महाबळेश्वरची थोरली बहीण. कँडीजवळ दिगाना इथे जलाशयाच्या काठी व्हिक्टोरिया नावाचा कोर्स आहे. इतका देखणा की वाईट फटक्याचंही दुःख होत नाही. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर त्या डोंगरांत दुपारी बदाबदा कोसळतो. फेब्रुवारी-मार्च धरा. एप्रिलमध्ये त्यांचं नववर्ष असतं, तेव्हा सगळा देश नुवारा एलियाला लोटतो आणि खोल्यांचे भाव चढतात.

कोलंबोत रॉयल कोलंबो क्लबाच्या मधून रेल्वेलाईन जाते बरं का. खरोखरची, आगगाडीसकट. गाडी आली की थांबायचं.

निळी_छत्री

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणतो, गोल्फवाल्यांना थांबवणारी ती एकमेव शहाणी गाडी.

फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न आहे, म्हणून नोव्हेंबरच गाठायचाय. आपल्या देशातलं सांगा ना. काश्मीर नको, गुलमर्गला तोवर थंडी फार, आणि सासूबाई काश्मीरचं नाव काढू देत नाहीत.

कॉफीचं_बी

कूर्ग. विराजपेटजवळ बिट्टंगाला इथे कूर्ग गोल्फ लिंक्स आहे, १८ होल, चढउतारांचा. जवळपास रिसॉर्ट शोधत बसू नका, कॉफीच्या मळ्यातलं होमस्टे घ्या. घरची बाई पंदी करी (डुकराच्या मांसाची) नाहीतर कडंबुट्टू (तांदळाचे वाफवलेले गोळे) वाढते आणि 'अजून घ्या' म्हणत पाठ सोडत नाही. नोव्हेंबरात एखादी सर येऊ शकते, पण हिरवाई बघत राहावी अशी. विमानाने कण्णूर गाठलं तर तिथून विराजपेट दीड-दोन तास. तोटा एकच: कोडगूमध्ये रेल्वे नाहीच. यजमान रुसतील.

वाळूतला_मासा

गोवा कुणीच कसं सुचवलं नाही? काणकोणला राजबागच्या किनाऱ्यावर ललितचं रिसॉर्ट आहे, समुद्राच्या कुशीतला ९ होलचा कोर्स, दुहेरी टी (पहिला फटका मारायच्या जागा) ठेवून १८ करतात. अर्थात नोव्हेंबर म्हणजे गोव्याचा हंगाम सुरू, दर विचारताना पाणी पिऊन बसा. मी जूनमध्ये गेलो होतो, निम्म्यात झालं आणि भिजूनही झालं.

सोलनची_सून

माहेर सांगली, सासर सोलन, तेव्हा थोडी माहिती मीही देते. नालदेहरा बघा. सिमल्याच्या पुढे साधारण २२ किलोमीटर, उंची २,००० मीटरच्या आसपास. लॉर्ड कर्झनला जागा इतकी आवडली की मुलीच्या नावात त्याने 'नालदेरा' घातलं. कोर्स छोटाच आहे, सरळसोट नाही, देवदारांच्या मधून वर-खाली. मोठमोठ्या ड्राइव्हची (लांबवर मारायच्या पहिल्या फटक्याची) हौस असेल तर हिरमोड होईल. नेम लावून खेळायची आवड असेल तर याच्यासारखं सुख नाही.

परवडण्याचं म्हणाल तर हिमाचल पर्यटन महामंडळाचं गोल्फ ग्लेड हे हॉटेल कोर्सला लागूनच आहे. लाकडी हट्सही आहेत. सरकारी म्हणजे सरकारीच. गरम पाण्यासाठी एकदा फोन करावा लागेल, चादरी साध्या, पण खिडकी उघडली की समोर देवदार. दिवाळीची गर्दी ओसरली की महामंडळ सवलती देतं, त्यांच्या साइटवर तारखा घालून बघा. नोव्हेंबरात आमच्याकडे आभाळ लख्ख असतं, वर्षातला सगळ्यात कोरडा काळ. रात्री पारा एक आकडी होतो. सकाळी सातला खेळायला गेलात तर गवतावर दहिवर गोठलेलं असेल आणि ते वितळेपर्यंत तुम्हाला ग्रीनवर पाय ठेवू देणार नाहीत, गोठलेलं गवत तुडवलं तर काळं पडतं. दहाला निघायचं, तिनाला आटपायचं. पाचनंतर अंधार.

आणि काकांसाठी: कालका-सिमला गाडी! १९०३ ची लाईन, ९६ किलोमीटर, शंभराच्या वर बोगदे. मुंबईहून विमानाने चंदीगड, तिथून टॅक्सीने कालका, पुढे गाडीने वर. सीट आधी राखून ठेवा.

तिसरी_बोगी

सूनबाईंना +१. मी नालदेहरा विसरलोच होतो. तिथे माहूनागाचं देऊळ कोर्सच्या आतच आहे ना?

सोलनची_सून

हो. लोक दर्शनाला येत-जात असतात, तेवढं थांबून घ्यायचं. देवाला कुणी 'फोर' (चेंडू येतोय, सांभाळा!) ओरडत नाही.

निळी_छत्री

सूनबाई, काय सांगू तुम्हाला! दोनच शंका. गुडघा आहे माझा, चढ किती? आणि सेट नेऊ का? देशातल्या विमानात १५ किलोच सामान नेता येतं, माझा सेट बॅगेसकट १३ भरतो. मग स्वेटर काय अंगावर चढवून जायचं?

सोलनची_सून

चढ आहे, खोटं नाही सांगणार. ९ होल खेळा, कॅडी घ्या, काठी म्हणून ५ नंबरची आयर्न वापरा. दुसरे ९ भाऊजींना खेळू दे. तोवर तुम्ही दोघं चहा घ्या. एक दिवस तत्तापानीला जाऊन सतलजकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांत गुडघे बुडवा.

तिसरी_बोगी

सेट अर्धा न्या. नियमाने १४ क्लब चालतात, लागतात कुठे? ५ वूड, ७ आणि ९ आयर्न, एक वेज, पटर. हे पाच पातळ बॅगेत घातले तर पाच किलोच्या आत बसतं. अशा अरुंद कोर्सवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) म्हणजे देवदारांना चेंडू वाहणं. दिरांचेही पाच त्यातच टाका, दोघांत एकच बॅग.

आणि परतीच्या वाटेवर पंचकुला गोल्फ क्लब आहे, पूर्ण १८ होलचा, सपाट. पाहुण्यांना खेळू देतात का, किती पैसे, हे आधी फोनवर विचारून ठेवा. भाऊजींची ड्राइव्हची हौस तिथे भागेल.

निळी_छत्री

मंडळी, घरी बैठक झाली. नालदेहराला चार रात्री, मग खाली उतरून पंचकुल्याजवळ एक रात्र, जमलं तर तिथे एक फेरी. आजच्या दरांनी विमान, हट, टॅक्सी, गाडी, खेळ सगळं धरून एक लाख ३८ हजारांचा अंदाज निघतोय. उरलेले मी लपवून ठेवणार, दिरांना सांगू नका, ते हा धागा वाचत नाहीत. उद्या सकाळी कोर्सवर फोन लावते. बोगींचे पाच आकडे आणि एरेशनचा प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवलाय.

नवरा कालकाच्या गाडीच्या तिकिटांना आत्ताच बसलाय, खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी हे विचारतोय. कोर्समध्ये देऊळ आहे कळल्यावर म्हणाला, "मग मी तिथेच बसतो. तुम्ही दोघं चेंडू शोधा, मी तो सापडावा म्हणून नारळ फोडतो."

सूनबाई, खिडकी डावी की उजवी?

सोलनची_सून

जाताना उजवी, येताना डावी, असं आमचे सासरे सांगायचे. पण वळणंच इतकी आहेत की दरी दोन्हीकडे येते. काकांना सांगा, दारापाशी उभं राहू नका.