शब्दचर्चा: 'कापोकान्नोनिएरे' मराठीत कसा आणावा?

इटालियन फुटबॉलच्या बातम्या मराठीत लिहिताना एक शब्द दरवेळी अडवतो. सेरी आ या त्यांच्या अव्वल साखळीत मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला 'कापोकान्नोनिएरे' म्हणतात. मराठीत आपण 'सर्वाधिक गोल करणारा खेळाडू' एवढं लांबण लावतो, आणि मथळ्यात ते बसत नाही. या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि मराठीत एकच शब्द वापरायचा झाला तर कोणता?

प्रतिसाद:

'कापो' म्हणजे डोकं, त्यावरून प्रमुख. स्टेशनमास्तर तिकडे 'कापोस्तात्सिओने', तर गुणतक्त्यात पहिला असलेला संघ 'कापोलिस्ता'. 'कान्नोने' म्हणजे तोफ आणि 'कान्नोनिएरे' म्हणजे तोफ डागणारा. तेव्हा शब्दशः अर्थ तोफचींचा नायक. जोरकस फटक्यालाही तिथे 'कान्नोनाता' म्हणतात, म्हणजे ही प्रतिमा एका किताबापुरती नाही, खेळाच्या बोलण्यात मुरलेली आहे. जर्मनीत तर 'किकर' नियतकालिक अव्वल गोल करणाऱ्याला तोफेच्या आकाराचं चषकच देतं. स्पेनची गोष्ट वेगळी. तिथला 'पिचिची' हा पुरस्कार बिल्बाओच्या एका जुन्या खेळाडूच्या टोपणनावावरून आला.

इटलीत सेरी आ ही एकाच गटाची साखळी म्हणून 1929-30 मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या मोसमात 31 गोल करून ज्युसेप्पे मेआत्झा अव्वल ठरला. सर्वाधिक वेळा, म्हणजे पाचदा, हा मान मिळवला मिलानच्या गुनार नोर्डालने. स्वीडनमध्ये तो अग्निशामक दलात काम करायचा, म्हणून इटलीत त्याला 'पोम्पिएरे', म्हणजे बंबवाला, असंही म्हणत. 1949-50 मधले त्याचे 35 गोल तब्बल 66 वर्षं टिकले. मग 2016 च्या मे महिन्यात नापोलीच्या गोन्झालो इग्वाइनने शेवटच्या सामन्यात फ्रोसिनोनेविरुद्ध हॅटट्रिक करून 36 चा आकडा गाठला. त्यातला तिसरा गोल ओव्हरहेड किकवर होता, अजून बघितला नसेल तर जरूर बघा. पुढे 2019-20 मध्ये लाझिओच्या चिरो इम्मोबिलेनेही 36 च केले.

प्रतिसाद:

तोफचींचा नायक म्हटल्यावर मला थेट आपला 'गोलंदाज' आठवला. तीर फेकणारा तो तीरंदाज, तसा गोळा फेकणारा तो गोलंदाज. मूळ फारसी घडणीचा हा शब्द पेशवाईच्या तोफखान्यात रुळला होता. तोफेवरचा माणूस म्हणजे गोलंदाज. क्रिकेट आल्यावर चेंडू टाकणाऱ्याला हाच शब्द मिळाला आणि तोफखाना विस्मरणात गेला. अर्थाने पाहिलं तर 'कान्नोनिएरे'ला याहून जवळचा मराठी शब्द सापडणार नाही. त्यातला 'गोल' हा फुटबॉलचा नसून गोळ्याचा आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

प्रतिसाद:

व्युत्पत्ती पटली, वापर पटत नाही. 'इम्मोबिले ठरला अव्वल गोलंदाज' असा मथळा वाचून कोणीही बळी मोजायला लागेल. क्रिकेटने हा शब्द पुरता घेतला आहे.

'तोफ' घ्यावी तर तीही मोकळी नाही. मराठीत तोफ धडाडते ती सभेत. विजापूरच्या मुलुखमैदान तोफेचं नाव आपण फर्ड्या वक्त्याला देऊन टाकलं. 'मिलानची तोफ' म्हटलं की डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं, पेनल्टी क्षेत्र नाही. इटालियनांनी तोफ पायांना जोडली, आपण जिभेला. म्हणून माझं ठाम मत असं, की किताबाचं नाव म्हणून 'कापोकान्नोनिएरे' तसंच ठेवावं, पहिल्या उल्लेखात अर्थ सांगावा आणि पुढे सरळ 'अव्वल गोलकर्ता' लिहावं. 'गोलवीर' नको, एक गोल करणाऱ्यालाही तो शब्द चालतो, त्यात 'कापो'चा पत्ताच नाही.

प्रतिसाद:

'अव्वल गोलकर्ता' मलाही मान्य. पण नाव आणि पुरस्कार यांत गल्लत नको. 2020 च्या डिसेंबरमध्ये पाओलो रॉस्सी गेला आणि त्यानंतर साखळीने या पुरस्काराला त्याचं नाव दिलं. 1982 चा विश्वचषक इटलीला जिंकून देणारा हाच रॉस्सी. 1977-78 मध्ये विचेन्झासारख्या छोट्या संघातून 24 गोल करून तो स्वतः कापोकान्नोनिएरे झाला होता आणि संघ दुसरा आला होता. फार योग्य नाव निवडलं, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा 'पाओलो रॉस्सी पुरस्कार' हे चषकाचं नाव आणि 'कापोकान्नोनिएरे' ही उपाधी, असा फरक ठेवावा.

आणखी एक. गोल समान झाले तर उपाधी दोघांनाही मिळते. 2014-15 मध्ये वेरोनाचा लुका तोनी, तोही वयाच्या 38 व्या वर्षी, आणि इंटरचा माउरो इकार्डी यांनी 22-22 गोल केले. अशा वेळी 'विभागून' न लिहिता 'दोघेही अव्वल' लिहावं. विभागून म्हटलं की अर्धा-अर्धा मान मिळाल्यासारखं वाटतं, आणि तोनीच्या त्या मोसमाला ते शोभत नाही.