मर्स्क: आकार दिसतो, वेग दिसत नाही
‘मर्स्क वाढली ती जहाजं मोठी करत गेल्यामुळे’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. १९०४ साली बापलेकांनी काढलेल्या या डॅनिश जहाज कंपनीने पुढे वेगही मुद्दाम उतरवला. २००६ च्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाला पंचवीसेक नॉट (ताशी सुमारे ४६ किमी) वेगासाठी सुमारे ८० मेगावॉटचं एकच अजस्र इंजिन. २०१३ च्या ‘ट्रिपल-ई’ या नव्या वर्गातल्या जहाजांना तीसेक मेगावॉटची दोन, प्रॉपेलरही दोन. लांबी-रुंदीत जेमतेम तीन-तीन मीटरचा फरक; पण वेग कमी धरल्याने तळ ‘यू’सारखा रुंद ठेवता आला आणि क्षमता वीस फुटी १८ हजार कंटेनरांवर गेली.

इंधन साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात जळतं: वेग २० टक्के उतरवला की ताशी खप जवळपास निम्मा. फेरी मात्र लांबते, म्हणून तीच साप्ताहिक सेवा चालवायला जादा जहाज लागतं. लहान कंपन्यांची गोची तिथेच होते.