नेड मेरिल मेलेला नाही

'द स्विमर' (१९६८) या चित्रपटातला नेड आधीच मेलेला आहे, ओळखीच्यांच्या तलावांतून एकामागून एक पोहत घरी जाणं हा त्याच्या आत्म्याचा प्रवास, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. मेलेल्या माणसाला उधारीचा तगादा कोण लावेल?

सार्वजनिक तलावाचा प्रसंग आठवा. आत जायला ५० सेंट लागतात आणि नेडच्या अंगावर पोहण्याच्या चड्डीशिवाय काही नाही. पैसे मागून आणतो, तर दारावरचा माणूस त्याला पाय पुन्हा धुवायला लावतो, बोटं फाकवून दाखवायला लावतो. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या बंगल्यांतून ऐटीत फिरलेला माणूस! नेड झालेल्या बर्ट लँकेस्टरचा तो ओशाळलेला चेहरा बघवत नाही. पुढे गावातले दुकानदार थकलेली बिलं काढतात, त्याच्या मुलींबद्दल बोलतात.

त्याची झालेली पडझड सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्यानेच ती मनाआड केलीय. चित्रपट ज्या कथेवर बेतलाय त्या जॉन चीव्हरच्या मूळ कथेत ऋतूसुद्धा त्याच्या नकळत पालटतात. दारू म्हणा, स्मृतिभ्रंश म्हणा, पण माणूस जिवंत आहे. म्हणून तर शेवटी स्वतःच्या घराच्या बंद दारावर तो धडका मारतो तेव्हा पोटात तुटतं.