हवामानबदल ‘मानायचा’ असतो की तो ‘पटतो’?

कर्वेनगरकर:
छतावरच्या सौरपॅनेलच्या बातमीखाली परवापासून एका अनोळखी गृहस्थांशी वाद चालू आहे. ते म्हणतात, ‘मी हवामानबदल मानत नाही.’ मी लिहिलं, नोंदी आहेत, मोजमापं आहेत, मानण्याचा प्रश्न येतो कुठे? त्यावर उत्तर आलं, ‘तुम्ही मानता, मी मानत नाही, विषय संपला.’ मग पक्ष निघाले, नेते निघाले, देवधर्म निघाला.
मला वाटतं, गोम ‘मानणे’ या क्रियापदातच आहे. आपण देव मानतो, शकुन मानतो, अमुक साहेबांना मानतो. सगळीकडे समोरच्याचा अधिकार कबूल केलेला असतो. ‘विश्वास ठेवणे’ म्हणावं तर कुणाच्या तरी शब्दावर विसंबल्यासारखं होतं. मग कुठलं क्रियापद वापरावं?

जुनी_पेठ:
पटणे. ‘मला पटत नाही’ म्हणणाऱ्याला ‘का बरं?’ विचारता येतं आणि त्याला कारण द्यावं लागतं. ‘मानत नाही’ म्हणणाऱ्याला ‘का’ विचारलं की भांडण. शिवाय पटणं आपसूक होतं, मानायचं ते ठरवून मानतो. हा फरक माझ्या वडिलांनी मला शिकवला होता, नास्तिक असूनही ते आजीच्या पूजेची फुलं आणायचे. ‘मला देव पटत नाही, तुझ्या आजीला मी मानतो,’ म्हणायचे.

घेटुळी:
सुंदर! पण ‘श्रद्धा’ का टाळताय? 20 ऑगस्टला देशात अक्षय ऊर्जा दिन असतो, म्हणजे ऊन-वाऱ्यासारख्या न संपणाऱ्या ऊर्जेचा. त्याच तारखेला 2013 साली ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांचा खून झाला, आणि आता हाच दिवस वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणूनही पाळतात. पुण्यात राहून या शब्दांबद्दल ढिसाळ राहता येत नाही. श्रत् म्हणजे हृदय, त्यात ठेवलेलं ती श्रद्धा. मोजमापं तिथे ठेवायची नसतात.

संस्कृतप्रेमी:
श्रत् म्हणजे हृदय ही एक व्युत्पत्ती झाली. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या प्राचीन कोशात, ‘श्रत्’ सत्याच्या नावांमध्ये दिला आहे. म्हणजे श्रद्धा सत्यावरच ठेवायची! लॅटिनमधला ‘क्रेडो’ (मी विश्वास ठेवतो) याच कुळातला. आणि तुम्ही ‘अक्षय’ म्हणताय, पण खरा शब्द ‘अक्षय्य’. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’. ज्याचा क्षय होऊ शकतो ते क्षय्य, होऊच शकत नाही ते अक्षय्य. तृतीयेला बरोबर लिहिता ना? मग ऊर्जेला का नको?

कर्वेनगरकर:
त्या ‘अक्षय’नेच माझी अडचण केली आहे. गृहस्थ विचारतात, ‘अक्षय आहे तर रात्री कुठे जाते?’

वायरमन:
हा प्रश्न मला गिऱ्हाइकं रोज विचारतात. दिवसासुद्धा विचारतात. बॅटरी नसलेलं साधं सोलर असेल तर बाहेरची लाईट गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. टळटळीत ऊन, पॅनेल चटका बसेल इतकं तापलेलं आणि घरात पंखा बंद. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर आपली वीज उलटी लाइनमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसेल. हे आधी सांगितलं की लोकांना पटतं. पत्रकावर ‘अक्षय’ वाचून बसवलं असेल तर फसवलं म्हणतात. बाकी 3 किलोवॉटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे, त्यासाठी सगळ्याच पक्षांची माणसं येतात.

संस्कृतप्रेमी:
पण म्हणून ‘अक्षय’ऐवजी ‘नवीकरणीय’ म्हणू नका. 2006 पर्यंत केंद्राचं या ऊर्जेचं खातं ‘अपारंपरिक’ होतं, मग नाव बदललं आणि हिंदीतलं ‘नवीकरणीय’ आपण तसंच उचललं. स्मरणीय म्हणजे स्मरण करण्याजोगं, तसं नवीकरणीय म्हणजे नवं करण्याजोगं. ऊन आपण नवं करतो का?

जुनी_पेठ:
‘अपारंपरिक’ तर साफ चुकीचा होता. गच्चीवर साडी अंथरून कुरडया वाळवणं यापेक्षा पारंपरिक काय असेल? ‘नूतनीकरणक्षम’ वाचलं की ‘दुकान नूतनीकरणासाठी बंद’ ही पाटी दिसते. लोकांनी ‘सोलर’ केव्हाच घेतलाय, तोच ठेवा. फक्त पुण्यात जुन्या सोसायट्यांत ‘आमच्याकडे सोलर आहे’ म्हणजे आंघोळीचं पाणी.

संस्कृतप्रेमी:
असंच म्हणत राहिलो असतो तर ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ मिळाले नसते. सावरकरांनी दिले तेव्हा तेही कृत्रिमच वाटले असतील.

जुनी_पेठ:
ते टिकले. ‘नभोवाणी’ गेली, रेडिओ राहिला. कोश सुचवू शकतो, ठरवतात बोलणारे. आणि ‘सोलर’मध्ये वारा बसत नाही म्हणाल तर वाऱ्याला ‘पवनचक्की’ आहेच. सगळ्यांना मिळून एकच शब्द पाहिजे हा हट्ट सरकारी कागदाचा आहे.

मुळशीकर:
त्या एका शब्दात कोण कोण बसतं तेही बघा. 2019 पासून मोठी जलविद्युतसुद्धा त्यातच धरतात. आमच्या मुळशीचं पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते. 1921 साली याच धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यातूनच बापट ‘सेनापती’ झाले. पाऊस दर वर्षी येतो, तलाव भरतो, त्या अर्थाने अक्षय खरं. क्षय गावांचा झाला, तो या शब्दात दिसत नाही.

घेटुळी:
मुळशीकर दादा, तुमचं म्हणणं पोचलं. म्हणूनच माझी सूचना ‘पुनर्नवा ऊर्जा’. पुनर्नवा म्हणजेच घेटुळी, माझं इथलं नाव तिच्यावरूनच. उन्हाळ्यात वाळते, पावसात त्याच मुळातून फुटते. मध्ये खंड पडतो हे शब्दातच आहे, त्यामुळे ‘रात्री कुठे जाते’ला उत्तर तयार. चोवीस तासांचं वचन कुणी दिलेलंच नाही.

संस्कृतप्रेमी:
ऊर्जेला स्त्रीलिंगी बसेल, पण ‘पुनर्नव स्रोत’ लिहावं लागेल. व्याकरणाने हरकत नाही.

वायरमन:
ताई, गिऱ्हाइकाला आधी झाड समजावू की मीटर?

मुळशीकर:
उन्हाला, वाऱ्याला खुशाल लावा. धरणाला ‘पुनर्नव’ म्हणायला माझी हरकत आहे, आणि ती व्याकरणाची नाही.